खेचराचं पुढे काय झालं?

लोवेल क्रॅब्ट्रीने आयुष्यात कधी तक्रार केली नव्हती. हॉटेलात मासा मागवला आणि कोंबडी आली तर तो मुकाट्याने कोंबडी खायचा, वर वाढणाऱ्या मुलीला ‘छान होती’ म्हणून सांगायचा. न्हाव्याने एक कल्ला वर आणि एक खाली ठेवला तर घरी येऊन महिनाभर टोपी घालायचा. धंदा विम्याचा, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकायच्या. मिठाईवाल्याला जशी गोडाची शिसारी येते तसं त्याचं झालं असावं. तरीही आज पॉटर्स बेंडमध्ये कुणालाही विचारा की शाळेच्या पुस्तकांवर तक्रार करणारा तो माणूस कुठे राहतो, तर शेंबडं पोरसुद्धा बोट दाखवेल. निळी टपालपेटी, दारात मेपलचं झाड. मिसूरीत अशी घरं ढिगाने आहेत, पण लोकांना बरोबर हेच सापडतं.

हे सगळं झालं एका खेचरामुळे. तेही पुस्तकातल्या.

त्या वसंतात लोवेलचे वडील, मर्ल, जेवणघरात मरत होते. मला हे वाक्य असं सरळ लिहिता येतंय, पण त्या घरात ते कुणी उच्चारत नव्हतं. जेवणाचं टेबल गॅरेजमध्ये गेलं होतं आणि त्याच्या जागी, खिडकीशी, दवाखान्यातली वरखाली होणारी कॉट आली होती. नर्स येऊन वेदनेचं औषध वाढवून जात होती. आठ वर्षांच्या हॅटीला सांगण्यात आलं होतं की आजोबा जरा दमलेत. जेवणाचं टेबल गॅरेजमध्ये जाण्याइतका दमलेला माणूस हॅटीने पूर्वी पाहिला नव्हता, पण ती समंजस मुलगी होती. तिने मान हलवली.

“सांगून टाक तिला,” लोवेलची बायको नोरीन रोज म्हणायची. ती दातांच्या डॉक्टरकडे कामाला होती, आणि काढायचा तो दात लगेच काढावा या मताची होती.

“सांगणार आहे गं. योग्य वेळ येऊ दे.”

“तुझी योग्य वेळ येईपर्यंत आपण त्यांना पोचवून, हातपाय धुऊन, घरी आलेलो असू.”

मर्लने उभी हयात शाळेची बस चालवली होती. गावातल्या निम्म्या माणसांवर लहानपणी कधी ना कधी मर्ल ‘बूड टेकव’ म्हणून ओरडलेला होता, आणि अजूनही ती माणसं त्याच्यासमोर आली की आपसूक खाली बसत. कॉट खिडकीशीच हवी, हा त्याचा हट्ट. रोज सकाळी पिवळी बस घरासमोर थांबायची, हॅटी चढायची आणि मर्ल खिडकीतून दोन बोटं वर करायचा. म्हणजे सगळं ठीक, ने गाडी. रँडल ड्रायव्हर, ज्याला बस चालवायला मर्लनेच शिकवलं होतं, एकदा भोंगा वाजवायचा. मग मर्ल डोळे मिटायचा. दिवसाचं त्याचं काम तिथे संपायचं.

दुपारी हॅटी शाळेतून आली की आजोबांना वाचून दाखवायची. शाळेच्या लायब्ररीतून तिने आणलेलं पुस्तक होतं ‘म्हाताऱ्या खेचराचा गुरुवार’. एका सफरचंदाच्या बागेत एक खेचर, एक गाढव, एक बोकड आणि एक कोंबडी राहतात, एवढीच गोष्ट. हॅटी शब्दांवर बोट ठेवून वाचायची, मर्ल मधेच डुलकी काढायचा, त्यामुळे खेचराचा गुरुवार यायला दोन आठवडे लागले.

लोवेल सूपचा वाडगा घेऊन दाराशी आला तेव्हा तो गुरुवार आला होता.

“आजोबा, खेचर मेलं,” हॅटी म्हणाली.

“मेलं ना? मला वाटलंच. सफरचंदाला तोंड लावेना तेव्हाच मी म्हटलं, याचं काही खरं नाही.”

“काल तुम्हीपण सफरचंद खाल्लं नाहीत.”

“बघ म्हणजे.”

हॅटीने थोडा विचार केला. “तुम्ही कुठल्या वारी मरणार?”

दाराशी सूप हिंदकळून लोवेलच्या मनगटावर सांडलं. तो ओरडला नाही. ओरडणं हाही तक्रारीचाच प्रकार.

मर्लने प्रश्न गंभीरपणे घेतला. “कुठलाही चालेल. बुधवार सोडून. बुधवारी कचऱ्याची गाडी येते, लोकांना मोटारी लावायला जागा मिळत नाही. भेटायला आलेला माणूस आधीच वैतागलेला नको.”

दोघं हसली. मर्लला खोकला आला, तो ओसरेपर्यंत हॅटीने त्याचा हात धरून ठेवला, मग ती पुढचं वाचू लागली. “‘कोंबडी म्हणाली, ते झालं. पण आता उद्या सकाळी काय?’”

“बास, बास,” लोवेल आत घुसला. “आजोबा दमलेत.” आणि त्याने पुस्तक काढून घेतलं.

“बाबा, पुढचं पान—”

“उद्या.”

“अरे, कोंबडीला बोलू तरी दे,” मर्ल म्हणाला.

पण पुस्तक लोवेलच्या काखेत गेलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी ते शाळेत परत गेलं. पुढचं पान त्याने उघडून पाहिलं नाही. तेवढं लक्षात असू द्या.

त्या संध्याकाळी टपालपेटीपाशी त्याला जोलीन स्ट्राउड भेटली. ती समोरच्या घरात राहते. निवडणूक असो वा नसो, तिच्या हिरवळीवर कसला ना कसला फलक उभा असतोच. लोवेल तिला काही सांगणार नव्हता. पण मनगटावर पट्टी का, असं तिने विचारलं आणि खोटं बोलणं त्याला जमत नाही.

“मरणाचं पुस्तक? आठ वर्षांच्या पोरीला? आणि घरात मर्लकाका असे?” जोलीनने छातीवर हात ठेवला. “लोवेल, तू त्या पोरीचा बाप आहेस की घरात आलेला पाहुणा?”

लोवेलच्या वर्मी लागलं. तोच प्रश्न नोरीनने वेगळ्या कारणासाठी बऱ्याचदा विचारला होता.

म्हणून तो शाळेत गेला. मनात एवढंच होतं की हॅटीला हे पुस्तक आत्ता देऊ नका म्हणावं. लायब्ररी सांभाळणाऱ्या मिसेस हॅचर पुस्तकांवरची धूळ फडक्याने पुसत होत्या.

“मिसेस हॅचर, एक विनंती होती. तक्रार नव्हे हं.”

त्यांनी फडकं खाली ठेवलं आणि दाराकडे पाहिलं. विनंती ऐकून घेतल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, “मिस्टर क्रॅब्ट्री, तुम्ही काही बोलला नाहीत आणि मी काही ऐकलं नाही. हॅटीला हे पुस्तक जाणार नाही. झालं तुमचं काम. आता घरी जा.”

दुसरा कुणीही सुज्ञ माणूस गेला असता. पण लोवेल सुज्ञ नव्हता, सभ्य होता.

“नाही, पण माझ्यामुळे तुम्हाला नियमाबाहेर काही करावं लागतंय का? तसं नको व्हायला.”

“तुम्ही इथे उभे राहिलात तर होईल. जा हो.”

“मी हवं तर लेखी—”

“काही तक्रार आहे का, सर?” दारातून उपमुख्याध्यापक डोकावले. मिसेस हॅचरनी डोळे मिटले.

नव्या धोरणाप्रमाणे पालकाने पुस्तकाबद्दल शाळेत काही बोललं की ते लेखी घ्यावंच लागतं. लोवेलला कागद देण्यात आला. त्याने विम्याच्या माणसाला शोभेल अशा प्रामाणिकपणे तो भरला. पुस्तक संपूर्ण वाचलं आहे का? नाही. आक्षेप कशाला? खेचर मरतं. काय कारवाई हवी? या शाळेतून काढावं, सर्व शाळांतून काढावं, किंवा इतर. लोवेलने ‘इतर’वर खूण करून बारीक अक्षरात लिहिलं: फक्त माझ्या मुलीला काही दिवस देऊ नये, तसदीबद्दल क्षमस्व.

‘इतर’ या रकान्याचं काय करायचं हे शिक्षण कचेरीत कुणालाच माहीत नव्हतं. तो रकाना कागद भरल्यासारखा दिसावा म्हणून ठेवला होता, तिथे काही लिहिणारा हा पहिलाच माणूस. एका मुलीसाठी वेगळा नियम करता येत नाही म्हणून त्यांनी सगळ्यांसाठी एकच केला. निकाल लागेपर्यंत ‘म्हाताऱ्या खेचराचा गुरुवार’ साऱ्या शाळांमधून उचलून कुलपात टाकलं. गावाची लायब्ररी शाळेच्याच इमारतीत, तेव्हा तिथलंही गेलं. आणि एका पुस्तकात मेलेलं खेचर निघालं तर बाकीच्यांत काय काय निघेल, या काळजीने तपासणी होईपर्यंत लहान मुलांची सगळी कपाटं तपकिरी कागदाने झाकून टाकली.

“आमची लायब्ररी गुंडाळून ठेवलीये,” हॅटीने जेवताना सांगितलं. गॅरेजमध्ये, कारण टेबल तिथे होतं. “ख्रिसमसच्या भेटींसारखी. पण उघडायची नाही. कुणाच्या तरी बाबांनी तक्रार केली म्हणून.”

लोवेल ताटातले वाटाणे मोजू लागला.

“कुणाच्या गं?” नोरीनने लोवेलकडे बघत विचारलं.

“नाव माहितीये मला,” हॅटी म्हणाली आणि पुढे जेवू लागली.

त्या रात्री ती लोवेलला ‘गुड नाइट’ म्हणाली, पण नेहमीसारखी गालाला गाल लावायला थांबली नाही. एवढ्याशा गोष्टीने लोवेलचा जीव तळमळला. कुणाला सांगणार? तक्रार केल्यासारखं झालं असतं.

मर्ल आता दिवसाचा बराच वेळ झोपेतच असायचा. जाग आली की डोकं मात्र स्वच्छ. एके दुपारी त्याने लोवेलला खूण करून जवळ बोलावलं.

“ती कोंबडी डोक्यातून जात नाही रे.”

“कुठली कोंबडी, बाबा?”

“खेचरवाली. ‘उद्या सकाळी काय’ म्हणाली आणि तू पुस्तक पळवलंस. ते आण. हॅटीबरोबर संपवू दे मला.”

लोवेलने सगळं सांगितलं. मर्ल आधी ऐकत राहिला, मग हसू लागला. हसता हसता त्याचा श्वास इतका लागला की लोवेल घाबरून नर्सला फोन करायला निघाला.

“थांब रे. नाही मरत एवढ्यात.” मर्लने डोळे पुसले. “तू? तू तक्रार केलीस? जन्मभर तुला सांगत आलो, लोवेल, तोंड उघड. आणि उघडलंस ते कुणावर, तर खेचरावर.”

“माझी चूक झाली, बाबा.”

“मग परत घे. त्यात काय एवढं?”

त्यात काय एवढं ते लोवेलला शिक्षण कचेरीत कळलं. खिडकीतल्या बाईने बराच वेळ संगणकात पाहिलं आणि सांगितलं की तक्रार दाखल करायची सोय आहे, परत घ्यायची नाही. शिवाय ती आता एकट्या त्याची राहिलेली नाही. जोलीन स्ट्राउड आणि तिच्या मंडळाने खाली सह्या केल्या होत्या आणि आपले मुद्देही जोडले होते. चित्रात बोकडाने चड्डी घातलेली नाही. खेचर आणि गाढव दोघंही नर असून एकाच गोठ्यात झोपतात. खेचराला पुरताना कुणी प्रार्थना म्हणत नाही.

“पण ती जनावरं आहेत,” लोवेल म्हणाला.

“ते तुम्ही शाळा मंडळाच्या सभेत मांडा, सर.”

पुस्तक विकत घ्यावं म्हटलं तर तीही वाट लोवेलने स्वतःच बंद करून ठेवली होती. बातमी टीव्हीवर गेली आणि ज्या पुस्तकाला आजवर कुत्रंही विचारत नव्हतं ते देशभरच्या लोकांनी हट्टाने विकत घेऊन संपवलं. पुन्हा छापतोय, उन्हाळा सरता सरता मिळेल, असं प्रकाशकाने कळवलं. लोवेलने कॉटकडे पाहिलं. नर्सने उन्हाळ्याचं नावही काढलं नव्हतं. तरी त्याने एक प्रत मागवून ठेवली.

शेवटी तो मिसेस हॅचरच्या घरी गेला. त्यांनी दार अर्धवटच उघडलं.

“निदान शेवट सांगा हो. मी जाऊन बाबांना सांगतो.”

“सांगण्यासारखा असता तर सांगितला असता. कोंबडीच्या त्या वाक्यानंतर त्या पुस्तकात शब्द नाहीत, मिस्टर क्रॅब्ट्री. नुसती चित्रं आहेत. मुलाने आणि मोठ्या माणसाने शेजारी बसून बघायची, बघता बघता जे बोलायचं ते बोलायचं. म्हणून तर मी ते हॅटीला दिलं होतं. तिला घरी कुणी काही सांगत नाही, असं ती मला म्हणाली होती.” आणि त्यांनी दार लावून घेतलं. आपटलं असतं तर लोवेलला बरं वाटलं असतं.

आता उरली फक्त सभा. शाळा मंडळाची सभा व्यायामशाळेत भरली, कारण नेहमीच्या खोलीत माणसं मावेनात. एका बाजूला जोलीनचं मंडळ, अंगात खेचराच्या चित्रावर काट मारलेले पांढरे सदरे. दुसऱ्या बाजूला पुस्तकवाले, डोक्याला पुठ्ठ्याचे लांब कान लावून. लोवेल आत येताच पहिल्यांनी टाळ्या वाजवल्या आणि दुसरे कान हलवून ओरडले. त्याला दोन्हींची सारखीच लाज वाटली. अध्यक्षस्थानी मिस्टर व्हॅन होर्न होते. त्यांचं मक्याच्या बियाण्याचं दुकान आहे. प्रत्येक वक्त्याला तीन मिनिटं, मग माइक बंद, असं त्यांनी सांगितलं.

लोवेलने भाषण पाठ केलं होतं. बाबा मरताहेत, मी घाबरलो होतो, चूक माझी, पुस्तक परत द्या. नोरीनने ते ऐकून म्हटलं होतं, “हे असंच बोल. याच्या आधी काही नको, नंतर काही नको.” पण माइकसमोर उभं राहिल्यावर, इतकी माणसं, एकदम मुद्द्याला हात घालणं त्याला उर्मट वाटलं. त्याने सुरुवातीला मंडळाचे आभार मानले. मग व्यायामशाळा दिल्याबद्दल मुख्याध्यापकांचे. कॉफी करणाऱ्या भगिनींचे मानले. जोलीनताईंच्या तळमळीबद्दल आपल्याला आदर आहे, समोरच्या कानवाल्या बंधुभगिनींबद्दलही तितकाच आहे, मिसेस हॅचर यांची सेवा तर सर्वांना ठाऊकच आहे, आणि आपल्यामुळे कुणालाही झालेल्या त्रासाबद्दल...

“एक मिनिट राहिलं,” व्हॅन होर्न म्हणाले.

“धन्यवाद, अध्यक्ष महोदय,” लोवेल म्हणाला. मग त्याने रुमाल काढला, घाम पुसला, घसा खाकरला. “मुद्दा असा की माझे वडील—”

माइक बंद झाला.

तो बोलत राहिला. पहिल्या रांगेपर्यंत काही शब्द पोचले असतील, नसतील. सगळ्या व्यायामशाळेला दिसला तो नुसता तोंड हलवणारा एक माणूस, न्हाव्याने जास्तच वर चढवलेल्या एका कल्ल्याखाली पांढरी कातडी आणि डोळ्यांत पाणी. शाळा मंडळाने मतदान घेतलं. पुस्तक काढून टाकावं, शाळेतल्या कुणी ते मुलांना दाखवू नये की त्यातलं काही सांगू नये, आणि पाच वर्षं हा विषय पुन्हा घेऊ नये. सभेच्या इतिवृत्तात त्याच्या भाषणाची नोंद आहे. ‘तक्रारदाराने सर्वांचे आभार मानले.’

जोलीनने बाहेर त्याला मिठी मारली. “रडू नकोस. जिंकलो आपण.”

घरी मर्ल जागा होता. “काय झालं खेचराचं?”

लोवेल कॉटच्या कडेला बसला. आणि ज्याला खोटं जमत नाही त्या माणसाने खोटं बोलायचं ठरवलं. “मिळालं पुस्तक, बाबा. वाचून आलो. सकाळी काय होतं, की बागेत एक नवीन खेचर येतं. तरुण. मग सगळे आनंदाने राहतात.”

मर्ल त्याच्याकडे बघत राहिला. त्याच्या तोंडाचा नुसता सांगाडा राहिला होता, डोळे तेवढे जुने होते.

“कोंबडी एवढी मूर्ख नाही रे,” तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, “राहू दे. पोरीला मात्र एकटं ठेवू नकोस. माझ्या बसमध्ये घाबरलेलं पोर मी कधी मागे एकटं बसू दिलं नाही. पुढे, माझ्या शेजारी बसवायचो. बोलायचो नाही काही. नुसतं बसवायचो.”

मर्ल गेला तो बुधवारी. एरवी कुणाला आठवलं नसतं, पण कचऱ्याची गाडी दाराशी आली आणि नर्सची मोटार वाटेत असल्याने अडकून पडली. गाडीवाला खाली उतरला, खिडकीतून त्याने आत पाहिलं आणि टोपी काढून तसाच उभा राहिला. त्यालाही मर्लने कधीतरी ‘बूड टेकव’ म्हटलेलं होतं. हॅटी शाळेत होती. आली तेव्हा लोवेलने तिला दारातच थांबवून ‘आजोबा आता दमलेले नाहीत’ असं काहीतरी सांगितलं. नोरीनने त्याला बाजूला केलं, गुडघे टेकून बसली आणि सरळ शब्दांत सांगितलं. हॅटीने नोरीनच्याच खांद्यावर डोकं ठेवलं. लोवेल शेजारी उभा होता. त्याच्या दोन्ही हातांना काम नव्हतं.

दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात जेवण होतं. सगळा गाव आला. पांढरे सदरे आणि पुठ्ठ्याचे कान घरी ठेवून दोन्ही बाजू बटाट्याच्या सॅलडच्या एकाच रांगेत उभ्या होत्या. जोलीनने चिकन-नूडलचं मोठं भांडं भरून आणलं होतं, आणि ती खरोखर रडत होती. मर्लकाकाने तिला पहिल्या दिवशी हाताला धरून बसमध्ये चढवलं होतं.

हॅटी काळ्या फ्रॉकात तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“जोलीनकाकू, खेचर मेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतं?”

“कुठलं खेचर, राणी?”

“पुस्तकातलं. कोंबडी विचारते ना, आता उद्या सकाळी काय? तुम्ही ते पुस्तक काढायला सांगितलंत. म्हणजे वाचलं असेल.”

जोलीनने चमचा भांड्यात ठेवला. “बाळा, मी... मला त्यातली काही पानं दाखवली होती. बोकडाची.”

हॅटी पुढे गेली. व्हॅन होर्न पाव फोडत होते. “तुम्ही?”

“आमच्याकडे उतारे आले होते,” व्हॅन होर्न म्हणाले. आपण मक्याच्या दुकानात नसून दफनानंतरच्या जेवणाला आहोत आणि हे एका लहान मुलीला सांगतो आहोत, हे त्यांना बोलता बोलता कळलं असावं. “सगळं वाचायला वेळ... मंडळापुढे फार कामं असतात.”

मग तिने कानवाल्यांच्या पुढाऱ्याला विचारलं. त्याने पुस्तक मागवलं होतं, अजून आलं नव्हतं. टेबलाटेबलाने ती फिरली आणि ती जवळ आली की माणसं ताटात बघू लागली. ज्या पुस्तकावरून गाव महिनाभर भांडला त्याचा शेवट कुणालाच माहीत नव्हता. एकीला सोडून. मिसेस हॅचर कोपऱ्यात कागदी पेला धरून बसल्या होत्या. त्यांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं, आणि दोन खुर्च्या पलीकडे व्हॅन होर्न बसले होते.

“मिसेस हॅचर, तुम्हाला माहितीये,” हॅटी म्हणाली.

त्यांनी तोंड उघडलं. सगळं तळघर ऐकत होतं. मग त्यांनी हॅटीच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “मला सांगायला बंदी आहे गं, पोरी.” पेल्यातली कॉफी त्यांच्या मांडीवर सांडली, ती त्यांनी पुसली नाही.

लोवेल भिंतीशी उभा होता. हॅटी त्याच्याकडे आली नाही. सगळ्यांना विचारून झालं, फक्त त्यालाच विचारायचं तिने टाळलं, आणि हे खोलीतल्या प्रत्येकाने पाहिलं. आयुष्यभर जपलेली अब्रू म्हणतात ती लोवेलची तिथे, बटाट्याच्या सॅलडपाशी गेली. खरं सांगायचं तर त्याला त्या अब्रूचं आता काही वाटलं नाही. त्याला फक्त आपली मुलगी परत हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॅटीने दप्तर भरलं. नोरीन म्हणाली, आज नाही गेलीस तरी चालेल. हॅटी म्हणाली, बस तर येणारच. जेवणघरातली कॉट अजून तशीच होती, तिच्यावरची चादर तेवढी काढलेली. लोवेल कोट चढवून तिच्याबरोबर बाहेर आला आणि टपालपेटीपाशी तिच्या शेजारी उभा राहिला. काही बोलला नाही. नुसता उभा राहिला. थोड्या वेळाने हॅटी अर्धं पाऊल त्याच्याकडे सरकली.

वळणावरून पिवळी बस आली. दार उघडलं. रँडलने सवयीने खिडकीकडे पाहिलं, त्याचा हात भोंग्याकडे गेला आणि तिथेच थांबला. मागे सगळी पोरं चिडीचूप बसली होती.

हॅटीने पायरीवर एक पाय ठेवला. मग वळून रिकाम्या खिडकीकडे बघितलं, आणि रँडलला दिसेल अशी दोन बोटं वर केली.

रँडलने भोंगा वाजवला. जरा जास्तच वेळ वाजवला.

लोवेलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याने ते लपवलं नाही. हॅटीने त्याला नीट पाहून घेतलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

“बाबा, पुस्तकातही असंच असेल का हो?”

अख्खी बस ऐकत होती. समोरच्या दारात जोलीन ऐकत होती. खोटं एक अगदी ओठावर तयार होतं, तरुण खेचराचं.

“मला माहीत नाही, हॅटी,” लोवेल म्हणाला. “मी शेवटपर्यंत वाचलंच नाही. आजोबा मरणार म्हणून मी घाबरलो होतो. चूक माझी होती.”

हे सांगायला त्याला तीन मिनिटं लागली नाहीत.